नाव घे

आमच्याकडे लग्नघराची भिंत रंगवतात. दाराच्या एका अंगाला गणपती, दुसऱ्या अंगाला कलश, वर तोरण, आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत एकीकडे ‘चि.’, दुसरीकडे ‘चि. सौ. कां.’. खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव, त्यापुढे ‘आर्ट्स’ आणि मोबाइल नंबर. दोन पावसाळ्यांत गणपतीची सोंड जाते, नवरीच्या नावातला एखादा काना जातो, पेंटरचा नंबर मात्र शाबूत राहतो. धंद्याची गोष्ट असल्यामुळे तो तेवढ्यापुरता चांगला ऑइल पेंट वापरतो, असा माझा संशय आहे.

मोबाइल नव्हते तेव्हाही पेंटर नाव टाकायचाच. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या भिंतींवरचे मोर मात्र माझी माय काढायची. पेंटर अक्षरांचा, माय मोरांची. आदल्या दिवशी लग्नघरची कोणीतरी बाई दारात यायची, ‘मोर काढाले चाल वं’ म्हणायची, आणि माय हातातलं पीठ झटकून निघायची. चुन्याचा पांढरा, गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, आणि मोराच्या गळ्याला कपड्यांना घालायची नीळ. ब्रश म्हणजे काडीला बांधलेलं फडकं, बारीक रेघेसाठी खजुरीच्या फांदीचं चावून मऊ केलेलं टोक. पिसाऱ्यातला डोळा काढताना ती श्वास रोखून धरायची, हे मला अजून आठवतं, कारण मी तिच्या पदराला धरून उभी असायचे आणि तेवढा वेळ तिचं पोट हलायचं नाही.

पाचवी-सहावीत असेन. मोराच्या पायाशी पेंटरने स्वतःचं नाव घातलेलं पाहून मी मायला विचारलं, तू का नाही लिहीत तुझं नाव? ती म्हणाली, ‘मोर काय मना से?’

माझा थोडाच आहे मोर. मला ते उत्तर तेव्हा पटलं होतं. आता पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

नाव ही आपल्याकडे बाईच्या बाबतीत मोठी गमतीची वस्तू आहे. आम्ही बायका नाव ‘घेतो’. दारात अडवलं की घेतो, डोहाळेजेवणात घेतो, हळदीकुंकवाला घेतो. चांदीच्या ताटात रुपयाचा ठसा बसवून, समोरच्या मेढीला टेकून, जमेल तशा यमकात ज्याचं घ्यायचं त्याचं घेतो. आमचं कोणी घ्यावं अशी सोय त्या खेळात नाही. आणि त्याआधीच, लग्नाच्या दिवशी, तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहून झालेलं असतं. मायचंही बदललं. माहेरचं जे होतं ते मला वयाच्या पंचविशीत कळलं, मामाच्या घरी, एका जुन्या पितळी तांब्यावर कोरलेलं. ‘हे कोण?’ म्हणून मी विचारलं तर मामी म्हणाली, ‘तुनी माय.’ ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारलं होतं, नको म्हणाली.

भांड्यांचं एक बरं असतं, नाही म्हटलं तरी त्यांच्यावर बाईचं नाव येतं. आहेरात आलेलं असो की मोडीत घालून घेतलेलं असो, भांडीवाला त्याच्या टिकटिक मशीनने बुडाशी नाव टोचून देतो. खान्देशातल्या बायकांची समग्र सूची करायची झाली तर फडताळं धुंडाळावीत.

मी स्वतः चित्रकलेची बाई. म्हणजे शाळेतली. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आली, गावात पेढे वाटले गेले, मग ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, केलं आणि एका शाळेत चिकटले. तीस वर्षांत किती मुलांना घनाकृती आणि वृत्तचितीच्या छाया घोटून दाखवल्या याचा हिशेब नाही. गणिताचे सर मागे पडले की पहिला तास जायचा तो चित्रकलेचा, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नसे, मुलं सोडून. माझी स्वतःची चित्रं लग्नानंतर गादीखाली गेली. तिथून कधी मांडणीवर अंथरली गेली, कळलंही नाही. चांगला जाड हँडमेड कागद, सासूबाईंना वाया जाताना बघवला नसणार. एका दिवाळीत डबे घासायला काढले तेव्हा खाली माझं स्थिरचित्र निघालं: सुरई, दोन लिंबं, मागे हिरवं कापड. त्यावर डब्यांच्या बुडांची गोल गोल वलयं उमटलेली. एक वलय नेमकं लिंबाभोवती बसलं होतं आणि खरं सांगायचं तर चित्राला त्याने जरा बरंच केलं होतं. ते मी आजही ठेवलंय. बाकीच्या चित्रांचं काही सांगण्यासारखं नाही.

प्रदर्शनात माझं चित्र लागलं ते एकदाच. महिला दिन होता. सभागृहात रांगोळ्या, पाककृती, टाकाऊतून टिकाऊ, आणि एका भिंतीवर चित्रं. प्रमुख पाहुण्यांनी फिरताना प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, ‘घरचं सगळं सांभाळून करता?’ आणि आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. माझ्या चित्राखाली पट्टी होती. तिच्यावर ‘सौ.’, मग आमच्या ह्यांची आद्याक्षरं, मग आडनाव. माझं नाव नाहीच. संयोजकांपैकी एका ताईंना सांगायला गेले तर त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, ‘अहो, सरांना सगळे ओळखतात ना, म्हणून तसं टाकलं.’ दुसरा क्रमांक आला. बक्षीस कॅसरोल. पोळ्या अजून त्यातच असतात.

पुढे कधीतरी वाचलं की 1935 साली सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने चित्रकार अमृता शेरगिलला बक्षीस दिलं तेव्हा तिने ते परत केलं होतं. तिला स्वतःला जी चित्रं सरस वाटत होती ती परीक्षकांनी नाकारली आणि भलतीच निवडली, म्हणून. वय बावीस. मी कॅसरोलकडे पाहिलं. परत करण्यासाठी आधी आपण कोण आहोत याची खात्री असावी लागते.

जळगावात राहणाऱ्या माणसाला अजिंठा म्हणजे पाहुण्यांना दाखवायची जागा. जिल्हा आमचा नाही, लेणी आमची. पाहुणे उतरतात जळगाव स्टेशनात, जेवतात आमच्याकडे, सकाळी पहूर-फर्दापूर करत जातात आणि संध्याकाळी पाय दुखतायत म्हणत परत येतात. मी तर शाळेच्या सहली घेऊन दर दोन वर्षांनी जायचे. एकदा मायलाही नेलं. गाइड सांगत होता की दगडावर आधी मातीचा लेप दिला, त्या मातीत भाताचा तूस आणि गवताचे धागे कालवले, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि ते कोरडं झाल्यावर रंग. माय माझ्या कानाशी म्हणाली, ‘सारवनच ना मंग.’ रंग कोणते म्हणून विचारलं. तांबडा गेरू, पिवळी पिवडी, काजळी, चुना, आणि निळा मात्र परदेशातून आलेला लाजवर्दी. निळा सोडला तर मायचा डबाच तो. तिने लेणं क्रमांक 17 मधल्या आरसा धरलेल्या सुंदरीसमोर फार वेळ घालवला नाही. छतावरची नक्षी बघत राहिली. एवढं वर हात कसा पोचला असेल, हा तिचा प्रश्न होता. कामाच्या माणसाचा प्रश्न.

अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणाऱ्यांच्या गोष्टी आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. रॉबर्ट गिल हा इंग्रजी फौजेतला चित्रकार आला, वर्षानुवर्षं नकला केल्या, त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, स्वतः भुसावळच्या कबरस्तानात विसावला. आणि पारो, त्याच्या सोबतीची इथली बाई. तिचं थडगं अजिंठा गावात आहे. दगडावर नाव आहे, 23 मे 1856 ही तारीख आहे. नावापुढे बापाचं नाही, आडनाव नाही. नुसतं पारो. त्या काळच्या आमच्या मुलखातल्या बाईचं नाव असं दगडात कोरलेलं सापडणं हीच मुळात अपूर्वाई, आणि ते एका गोऱ्या साहेबाच्या हातून.

पण ज्या बाईची गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही ती ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. मला ती फार उशिरा, निवृत्तीच्या आसपास भेटली. इंग्लंडमधली चित्रकार. अंड्याच्या बलकात रंग कालवून काढायच्या जुन्या इटालियन पद्धतीची जाणकार. त्या विषयावरचा चेन्निनो चेन्निनीचा जुना ग्रंथ तिने 1899 साली इंग्रजीत आणला. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्यांपैकी. 1906 साली पहिल्यांदा अजिंठ्यात आली आणि नंतर 1909 ते 1911 या काळातले दोन हिवाळे फर्दापूरला तंबू ठोकून राहिली. तेव्हा तो मुलूख निजामाचा. वय 57-58. बरोबर डोरोथी लार्चर नावाची तरुण चित्रकर्ती, कलकत्त्याहून आलेले अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य, त्यात नंदलाल बोस, असितकुमार हालदार, आणि हैदराबादचे दोघे. वाघूर नदीचं पात्र ओलांडून रोज लेण्यात जायचं, अंधारात शिडीवर चढायचं, वटवाघळांच्या वासात बसून उडालेल्या रेषा माग काढत काढत कागदावर घ्यायच्या. फर्दापूरचा हिवाळा मला ठाऊक आहे. सकाळी नऊपर्यंत बोटं वळत नाहीत.

1915 साली लंडनच्या इंडिया सोसायटीने त्या नकलांचा मोठा चित्रसंग्रह काढला. त्याच्या शीर्षकपानावर काय छापलं आहे? ‘लेडी हेरिंगहॅम आणि त्यांचे साहाय्यक’. नवरा डॉक्टर, त्याला 1914 मध्ये ‘सर’ किताब मिळाला, म्हणून ही लेडी. तंबूत राहून चित्रं करत होती तेव्हा ती लेडी नव्हतीच. ख्रिस्तियाना कुठेच नाही. हे वाचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. सौ., आद्याक्षरं, आडनाव! साहेबाच्या देशातही पट्टी तीच.

आणि साहाय्यक. त्यातल्या नंदलालांना आज कोणी साहाय्यक म्हणणार नाही. भारताच्या संविधानाची पानं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. लार्चरबाई पहिल्या महायुद्धात इथेच अडकल्या, इथल्या कापड छपाईची गोडी लागली, आणि इंग्लंडला परतल्यावर फिलिस बॅरन नावाच्या मैत्रिणीबरोबर हातछपाईच्या कापडाचा नावाजलेला कारखाना चालवला. ख्रिस्तियानाचं काय झालं हे लिहिताना मात्र हात जड होतो. 1911 मध्ये परतल्यावर तिचं मन बिघडलं. कोणीतरी पाठलाग करतंय असं वाटायचं. उरलेलं आयुष्य उपचारगृहांत गेलं आणि 1929 मध्ये ती वारली. स्वतःच्या नावावर आलेला तो चित्रसंग्रह तिने कोणत्या नजरेने पाहिला असेल, हा विचार फर्दापूरच्या फाट्यावर चहा पिताना हटकून येतो.

अमृता शेरगिलही अजिंठ्यात आली होती. 1936 च्या अखेरीला, मुंबईतलं प्रदर्शन आटोपून दक्षिणेकडे निघाली तेव्हा. पॅरिसमध्ये शिकलेली, तिथल्या सलों या मानाच्या चित्रप्रदर्शनाने 1933 मध्ये गौरवलेली, आणि इथे या अंधाऱ्या सारवणासमोर उभी राहून बदललेली. त्यानंतर 1937 साली तिने जी तीन मोठी चित्रं केली, नवरीचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले दक्षिणेतले गावकरी, त्यातली माणसं पाहिली की अजिंठा पाहिलेल्याला कोणी सांगावं लागत नाही. अंगाचा सावळा रंग, थांबलेल्या हालचाली, आणि गर्दीतही प्रत्येकाचं आपापल्यात असणं.

तर ती चित्रं बघायची म्हणून गेल्या फेब्रुवारीत दिल्लीला गेलो. खरं कारण मुलगा. तो तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, म्हणजे एका खोलीत खान्देशची तिघं पोरं आणि भिंतभर नकाशे. जळगावहून रात्रीची गाडी. सामानात कळण्याचं पीठ, बिबडे, लसणाची चटणी, दोन किलो शेव, आणि ऐंशी ओलांडलेली माय. तिला मागे ठेवून जायचा बेत होता. ती आधीच पिशवी भरून ओट्यावर बसली.

गाडीतून फोनवर आणि मग त्या खोलीत मुलाशी माझं भांडण झालं. भांडण म्हणजे वाद. तो म्हणाला, बायकांचं वेगळं प्रदर्शन हे आरक्षणासारखं नाही का, चित्र चांगलं की वाईट एवढंच बघावं. ह्या वयात मुलं फार स्वच्छ बोलतात. मला महिला दिनाचं ते सभागृह आठवत होतं, त्यामुळे अर्धी मी त्याच्याच बाजूची होते. पाककृती आणि चित्र एका रांगेत मांडणारं ते वेगळेपण मला नकोच आहे. पण मग मी त्याला चौघी चित्रकर्तींचं सांगितलं. नलिनी मलानी, माधवी पारेख, निलिमा शेख, अर्पिता सिंह. 1979 साली नलिनी मलानी न्यूयॉर्कमध्ये बायकांनीच चालवलेली ए.आय.आर. गॅलरी बघून आल्या, आणि असं काही आपल्याकडे व्हावं म्हणून झटत राहिल्या. मोठं प्रदर्शन काही जमलं नाही. शेवटी चौघींनीच मिळून 1987 ते 1989 या काळात पाच ठिकाणी आपली चित्रं नेली. प्रमुख पाहुणा नाही, कॅसरोल नाही. त्यातल्या माधवीताई गुजरातेतल्या एका खेड्यातून आलेल्या, कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या. नलिनीताईंचं पुढे 2017 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. आपलं आपण मांडणं आणि कोणीतरी आपल्याला मांडणं यात फरक आहे, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, हे उत्तरात लिहिलं तर मार्क मिळतील.

माय मधेच म्हणाली, गड्यांचं वेगळं असतं का? बाकी सगळी गड्यांचीच की, असं मी म्हटलं. ती म्हणाली, मग बरोबर आहे.

हे गड्यांचं-बायांचं प्रकरण वाटतं तेवढं सरळ नाही, हेही खरं. वारल्यांकडे लग्नाचा चौक लिहायचा मान सुवासिनींचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी पांढरा रंग आणि कागद घेऊन त्या पाड्यांवर गेले, भिंतीवरची चित्रं कागदावर आली, आणि पुढे नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. माणूस थोर कलावंत, 2011 ची पद्मश्री अगदी रास्त. पण आधीच्या सुवासिनींची नावं कोणाला ठाऊक? चित्र भिंतीवर होतं तोवर बायकांचं, कागदावर आलं आणि पुरुषांची नावं लागली. उलट आमच्या सातपुड्यापलीकडे, झाबुआ जिल्ह्यात, भिल्लांचा पिठोरा, म्हणजे देवासाठी भिंतीवर काढायचं घोड्यांचं चित्र, लिहायचा तो पुरुषांनी. तो घोडा बाईने काढायचा नाही. तिथल्या पिटोल गावची भुरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजूर म्हणून आली. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिला कागद-रंग दिले. तिने पिठोऱ्याचा घोडा सोडून बाकी सगळं काढलं: झाडं, मोर, विंचू, घरं, पुढे विमानंसुद्धा. 2021 मध्ये तिलाही पद्मश्री मिळाली. ज्या वास्तूच्या विटा वाहिल्या तिच्याच भिंतीवर चित्र लागणं, हे कोणी कथेत लिहिलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

नंदुरबारच्या बाजूला माझी एक मैत्रीण आश्रमशाळेत होती. ती सांगायची, वर्गातल्या भिल्ल मुली वहीच्या मागच्या पानावर जे काढतात ते पुढच्या पानावर काढायला सांगितलं की काढत नाहीत.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय इंडिया गेटजवळ, जयपूर हाउसमध्ये. 1954 मध्ये सुरू झालेलं. मायला व्हीलचेअर देऊ केली, तिने ती ढकलत नेली, पिशवी ठेवून. मुलगा पुढे पुढे माहिती सांगत चालला होता: कायद्याने ज्यांची चित्रं देशाचा ठेवा ठरली आहेत आणि विकून बाहेर नेता येत नाहीत असे आधुनिक काळातले चित्रकार नऊ, त्या नवात बाई एकच, अमृता. 2023 मध्ये तिचं एक चित्र लिलावात 61 कोटी 80 लाखांना गेलं. मायने विचारलं, ‘तिले कितला भेटनात?’ तिला कुठले. ती 1941 मध्ये लाहोरला गेली, अठ्ठाविसाव्या वर्षी, तिथलं प्रदर्शन काही दिवसांवर आलं असताना. माय थांबली. ‘अठ्ठावीस,’ एवढंच म्हणाली. तिच्या पोटची पहिली पोर जगली असती तर किती वर्षांची असती, असले हिशेब ती मनात करत असते. मी विचारत नाही.

मग ‘तीन मुली’समोर आलो.

1935 चं चित्र. युरोपातून परत आल्यावरचं अगदी सुरुवातीचं. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने 1937 मध्ये याला सुवर्णपदक दिलं. तीन तरुण मुली एकमेकींना लगटून बसलेल्या, पण एक दुसरीकडे बघत नाही, आणि तिघींपैकी एकही आपल्याकडे बघत नाही. मागे काही नाही, नुसती भिंत. कपड्यांचे लाल, हिरवे रंग जेवढे पेटलेले तेवढे चेहरे विझलेले. मी ते चित्र पुस्तकांत शंभरदा पाहिलं होतं, मुलांना आकृतिबंध समजावून सांगताना त्याचा त्रिकोण खडूने फळ्यावर काढला होता. समोर उभी राहिले तर पहिल्यांदा लक्षात आलं की रंग पातळ नाही, चांगला जाड हाताने दिलाय, आणि हातांची बोटं तिने रेंगाळत काढली आहेत. रिकामे हात. कशात तरी गुंतलेले असायला हवेत असे.

मायने दोन मिनिटं पाहिलं. मग अगदी सहज, शेजारच्या घरातलं सांगावं तसं म्हणाली, ‘ह्या पोरी बसाडेल सेत. देखाले येल सेत कोनी तरी.’

बसवलेल्या आहेत. बघायला आलंय कोणीतरी.

तीस वर्षं मी त्या चित्राचा त्रिकोण शिकवला. बसाडेल हा शब्द मला एकदाही सुचला नाही.

मग ती व्हीलचेअरचं हँडल धरून त्या तिघींबद्दल बोलत राहिली. ही थोरली, हिचं जमणार आहे आणि हिला ते कळलंय. ही मधली, हिला अजून शिकायचं होतं. आणि ही धाकली, हिला नुसतंच पकडून आणलंय, थोरलीसोबत हिचंही उरकून टाकू म्हणून. आमच्या आजोबांनी मायच्या आणि तिच्या दोन बहिणींच्या सुपाऱ्या एकाच आठवड्यात फोडल्या होत्या, दुष्काळाचं साल होतं, एका मांडवात तीन लग्नं झाली तर खर्च वाचतो. हे मला ठाऊक होतं, पण एक जुनी अडचण म्हणून ठाऊक होतं. त्या तिघींना ओटीवर बसवलं तेव्हा अंगावर कोणाचं लुगडं होतं, कोणाचं उसनं होतं, मधलीने रात्रभर रडून डोळे सुजवले म्हणून आजीने तिला खाली बघायला सांगितलं होतं, हे सगळं माय त्या चित्राकडे बघत पहिल्यांदा बोलली. सुरक्षारक्षक बाई जवळ येऊन उभी राहिली, आधी हात लावतात की काय म्हणून, नंतर ऐकायला. तिला अहिराणी कळत नव्हती, तरी ती हलली नाही.

‘ईनं नाव काय से?’ मायने विचारलं. मी पट्टी वाचून दाखवली. अमृता शेरगिल.

‘नवरानं?’

नाही, बापाचं. लग्न झालं होतं 1938 मध्ये, हंगेरीतल्या, आईकडच्या नात्यातल्या डॉक्टरशी, पण चित्रावर हेच नाव राहिलं.

‘बेस,’ माय म्हणाली. मग पट्टीवर बोट नेऊन, काचेला न लावता, ‘आनि पोरीस्ना नावे?’

पट्टीवर ती नव्हती. अमृताच्या नात्यातल्या मुली होत्या, अमृतसरच्या, एवढं मी सांगितलं. मायला ते पुरेसं वाटलं नाही. काढणारीचं आहे आणि बसणाऱ्यांची नाहीत, हे तिला मोराच्या पायाशी पेंटरने नाव घालावं तसंच वाटलं असेल का, हा विचार मला दुसऱ्या दिवशी आला. तेव्हा मी फक्त तिला पुढे चल म्हणत होते, कारण मुलाला क्लासला जायचं होतं.

‘नवरीचा शृंगार’ तिने भराभर पाहिलं. वेणी चांगली घालतेय, म्हणाली. ब्रह्मचाऱ्यांसमोर तर थांबलीच नाही. दमली होती. बाहेर पडताना दाराशी अभिप्रायाची मोठी वही होती, दोऱ्याने बांधलेलं पेन. बऱ्याच जणांनी इंग्रजीत लिहिलेलं, एकाने नुसतं हृदय काढलेलं. मायला वह्यांची आवड आहे. चौथीपर्यंत शिकली, अक्षर अजून गोल, सुबक. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा सारखा केला. मागे कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या, त्या थांबल्या. मायने आधी तारीख लिहिली. मग गावाच्या रकान्यात तालुका आणि जिल्ह्यासकट गाव लिहिलं. मग नावाच्या रकान्यावर पेनाचं टोक टेकवून तिने मान वर केली आणि मला विचारलं,

‘कोनतं लिखू वं?’